भिंतीपलीकडची गोळी

गोळी फोडायची नाही, चाखायची तर मुळीच नाही, असं दीप्तीनं जाताना दारात उभं राहून पुन्हा एकदा बजावलं. तिची स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि निशिगंधानं स्वयंपाकघरात जाऊन पहिली गोळी फोडली.

आत तपकिरी भुकटी होती. बोटाच्या टोकावर घेऊन तिनं ती जिभेला लावली. तुरट. कच्चं केळं खाल्ल्यावर व्हावं तसं तोंड आतून ओढल्यासारखं झालं, चूळ भरली तरी जाईना. निशिगंधाला बरं वाटलं. म्हणजे आपल्या आईच्या वाट्याला खरी गोळी आली होती.

विश्वास ठेवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि कामातही नव्हतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ती तपासणी विभागात होती. भट्टीतून ओतून आलेले लोखंडी भाग तिच्यापुढं ओळीनं मांडले जात, दिसायला सगळे सारखे, गुळगुळीत. ती त्यातला एखादा उचलून कापायला लावायची आणि कधीकधी त्याच्या पोटात हवेची पोकळी निघायची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आली, तेव्हापासून माणसांकडंही ती तशीच बघायची. कोण जास्त गोड बोलायला लागलं की तिला पोकळीचा संशय यायचा.

डाळिंबाच्या सालीवर तर तिचा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. कंपनीची बस ज्या रस्त्यानं जायची त्याच रस्त्यावर रस काढणारा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला सालींचा ढीग पडलेला असायचा, त्यावर माशा घोंगावायच्या, आणि टेम्पोवाले तो फावड्यानं भरून कुठंतरी ओतायला न्यायचे. त्याच सालींतून काढलेला अर्क म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूला जपतो का, हे एका संशोधन संस्थेला तपासायचं होतं. दीप्ती त्या प्रकल्पासाठी घरोघरी फिरायची. कबनूरची मुलगी, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, बोलायला सरळ.

"कचऱ्यातनं औषध निघतंय व्हय?" निशिगंधानं तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"निघेल असं अजून कोणी म्हटलेलं नाही, ताई. सालीत काही द्रव्यं असतात. पोटात गेली की आतड्यातले जंतू त्यांचं रूप पालटतात, आणि ती मेंदूतल्या पेशींची झीज थोपवतील असा अंदाज आहे. उंदरांत थोडं दिसलंय. माणसांत दिसतं का, तेच बघायचंय. म्हणून निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती, औषध नसलेली. कोणाला कुठली, ते मलाही माहीत नसतं."

"तुम्हालाबी न्हाय?"

"मलाही नाही."

हे वाक्य निशिगंधाला सगळ्यात जास्त खोटं वाटलं होतं. तरीही तिनं सही केली, कारण डॉक्टरांनी आईच्या आजाराचं नाव सांगितलं होतं आणि त्यावर देण्यासारखं त्यांच्याकडं फारसं काही नव्हतं. आईनं, तानाबाईंनी, उभं आयुष्य म्हशी राखल्या. कुठली म्हैस कधी विणार, हे त्या बोटांवर सांगायच्या. आता प्यालेल्या चहाचा रिकामा कप समोर असतानाच चहा मागायच्या.

कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत शेजारच्या घरीही तीच गोळी चालू झाली होती. तिथं बाळासो तात्या होते, अनुजाचे सासरे. गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून त्यांचं नाव होतं. कढईतल्या पाकाचा रंग बघून गूळ उतरवायची वेळ सांगणारा माणूस. तेही आता सदरा उलटा घालून गल्लीत यायला लागले होते. दोन्ही घरांच्या परसांमध्ये एक छातीइतकी भिंत होती आणि अनुजा दुपारी तिच्या घराचं काम उरकून तानाबाईंकडं बसायला यायची. निशिगंधा पाळीवर असताना आईला जेवायला घालणारं, दार लावून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. घराची एक किल्ली अनुजाकडंच असायची.

पहिल्या आठवड्यात निशिगंधा शेजारी गेली होती. अनुजा चहा टाकायला आत गेली, तेव्हा निशिगंधानं तात्यांच्या डब्यातली एक गोळी उचलली आणि घरी येऊन फोडली. रंग तोच, चव काहीच नाही. नुसतं पीठ. तिनं हात धुतले आणि याबद्दल अनुजाला काही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं तिनं स्वतःला समजावलं. दर रविवारी आईच्या सात कप्प्यांच्या डबीत ती सात गोळ्या भरायची आणि मनातल्या मनात म्हणायची, चला, निदान ह्या बाबतीत तरी नशीब आपल्याकडं आहे.

दिवाळी गेली, थंडी पडली, आणि नशीब उलटं चालायला लागलं.

एका संध्याकाळी ती बसमधून उतरून घरी येत होती. तात्या त्यांच्या दारात बसलेले.

"काय निशा, पाळी बदलली व्हय तुझी? मागच्या हप्त्यात सकाळची होती की."

निशिगंधा जागच्या जागी थांबली. खरंच बदलली होती. "तात्या, तुमच्या ध्यानात हाय?"

"ध्यानात ऱ्हायला काय झालं? सकाळी बसचा भोंगा वाजला की माझी झोप मोडत्या, आता मोडत न्हाय." तात्या हसले. सदरा सुलटा होता.

घरात आईनं तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण, सोनूबाई?" सोनूबाई म्हणजे तानाबाईंची मलकापूरला दिलेली बहीण. ती वारून बरीच वर्षं झाली होती.

त्या रात्री निशिगंधाच्या डोक्यात एकच हिशेब चालू राहिला. खरी गोळी आईला आणि सुधारतायत तात्या. पीठ खाणाऱ्याला बसचा भोंगा आठवतो आणि औषध खाणारीला पोटची लेक ओळखू येत नाही. असं होत नाही. माल कुठंतरी बदलला जातोय. आणि दुपारी या घरात फक्त एकाच बाईचा हात फिरतो.

रविवारी तिनं कारखान्यातला बारीक टोकाचा निळा पेन आणला. तपासलेल्या भागावर ठिपका द्यायचा, ही तिची रोजची सवय. आईच्या प्रत्येक गोळीवर, जोड असतो तिथं, तिनं एकेक ठिपका दिला. सहज बघणाऱ्याला दिसला नसता.

गुरुवारी संध्याकाळी तिनं डबी उघडली. शुक्रवारच्या कप्प्यात गोळी होती. ठिपका नव्हता.

तिनं ती दिव्याखाली फिरवून फिरवून बघितली आणि मग फोडली. पीठ.

अनुजा त्याच वेळी डेअरीतून दुधाची किटली घेऊन गल्लीत शिरत होती. निशिगंधा अनवाणीच बाहेर गेली.

"अनुजा, एक विचारायचं होतं."

"विचार की. परवानगी कशाला, मी काय मंत्री हाय व्हय?"

"माझ्या आईच्या गोळ्या कोण बदलतंय?"

अनुजानं किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठल्या गोळ्या?"

"येड पांघरू नकोस. दुपारच्याला घरात तू असत्यास. किल्ली तुझ्याकडं. मी ठिपकं देऊन ठेवल्यालं, तरी माझ्या आईच्या डबीत तुमच्या तात्यांची गोळी गावली मला."

"आणि ती तात्यांची हाय, हे तुला कसं कळलं गं?"

समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या दोन बायकांनी हात थांबवले होते.

"चाखलीस व्हय तू?" अनुजाचा आवाज चढला. "आमच्या घरातली उचलून चाखलीस! मग ऐक. मीबी चाखल्या. दोन्हीबी. तुमची तुरट, आमची म्हंजे पीठ. पहिल्या दिवसापासनं ठाव हाय मला. रोज दुपारी तुझ्या आईला भरवायला येत होते, डबी डोळ्यांसमोर असायची, आणि आमचा म्हातारा पीठ खातोय हे ठाव असून मी कवा हात लावला न्हाय. तू मात्र ठिपकं देऊन पाळत ठेवत्यास!"

"मग गोळी काय पाय फुटून गेली?"

"ते तुझ्या आईला इचार!"

"तिला आठवत असतं तर ह्या गोळ्या कशाला आणल्या असत्या?"

अनुजानं कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि निशिगंधाच्या पायाजवळ टाकली. "उचल. उद्यापासनं तुझी आई तू बघ. आणि कारखान्यात लोखंड तपासत्यास तसं माणसं कापून बघू नको, सगळी लांब जातील."

शुक्रवारी निशिगंधानं रजा टाकली. शनिवारीही टाकावी लागली.

आई सकाळपासून विचारत होती, "अनुजा का आली न्हाय गं?" पहिल्यांदा निशिगंधानं सांगितलं की ती माहेरी गेलीय. पुढच्या वेळी सांगितलं की तिला ताप आहे. नंतर उत्तर देणंच सोडलं. फोडलेल्या गोळीच्या जागी तिनं दुसरी टाकली आणि डबी जागची हलवली नाही. दुपारी आईला जेवायला वाढलं आणि आपण पाठ टेकते म्हणून आतल्या खोलीत गेली. तिथल्या खिडकीतून स्वयंपाकघराचा दरवाजा आणि त्यापलीकडं परस दिसत होतं. आता किल्ली नसली तरी अनुजा भिंतीवरून येईल, असा तिचा अंदाज होता. आज ती रंगेहाथ सापडली असती.

तानाबाईंनी जेवण उरकलं, ताट मोरीत ठेवलं, हात पुसले. डबी उघडून त्या दिवसाची गोळी काढली. मग फळीवरची स्टीलची वाटी घेतली, तिच्यात शेंगदाण्याच्या चटणीचा एक चमचा घातला आणि चटणीवर ती गोळी ठेवली. पदरानं वाटी झाकून त्या परसात गेल्या.

"भावजी! अवो भावजी! घ्या."

भिंतीपलीकडून तात्यांचं डोकं वर आलं. "काय हाय, वैनी?"

"काय न्हाय, जेवणातलं. एकटीच्या घशाखाली उतरत न्हाय बघा."

तात्यांनी वाटी घेतली आणि ते आत गेले. तानाबाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. निशिगंधाला हे उभं राहणं ओळखीचं होतं. लहानपणी तिला स्वतःला किती वेळा या भिंतीपाशी असं उभं केलं होतं आईनं. म्हैस व्याली की खरवस, कणसं आली की कणसं, जे घरात येईल त्यातलं थोडं आधी शेजारी जायचं. आणि वाटी परत घेतल्याशिवाय हलायचं नसायचं, कारण शेजारचं घर ती कधी मोकळी देत नसे. दोन मिरच्या, लिंबू, नाहीतर चिमूटभर साखर तरी तीत घालायचेच.

तात्या परत आले. वाटीत गुळाचा एक खडा होता आणि त्याच्या शेजारी एक गोळी. त्यांच्याही डबीत त्या दिवसाची एकच तर होती; हाताशी जे होतं ते त्यांनी घातलं होतं.

"घ्या, वैनी. मोकळी कशी देऊ?"

तानाबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, गोळीही टाकली, आणि रांजणातल्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. निशिगंधाला कळलं की आधी कधीतरी आईनं चुकून शुक्रवारच्याच कप्प्यातली गोळी दिली असेल, बदल्यात आलेली गूळ खाताना विसरली असेल, आणि मग जपून त्याच रिकाम्या कप्प्यात टाकली असेल. शुक्रवारची गोळी ती होती. ठिपक्याची तात्यांच्या पोटात गेली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिनं भिंतीवरून अनुजाला हाक मारली. अनुजा आली ती तोंड फिरवूनच.

"बोलू नकोस. खिडकीपाशी हुभी ऱ्हा आणि नुसतं बघ."

दोघींनी बघितलं. त्या दिवशी तानाबाईंनी वाटीत लोणच्याची फोड आणि गोळी दिली, तात्यांकडून भाजलेल्या शेंगा आणि गोळी आली. अनुजानं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे निशिगंधाला कळेना.

"मी दुपारी हितं यायचे, तर काकीला जेवण वाढून पडवीत जाऊन मोबाईल बघत बसायचे," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागं एवढा कारभार!" मग तिनं पदर खाली केला. "आता माफी माग माझी."

"मागते की."

"हितं न्हाय. गल्लीत. बोललीस तेवढ्याच मोठ्यानं."

निशिगंधानं गल्लीत जाऊन मागितली. समोरच्या ओट्यावरच्या बायका या खेपेलाही हजर होत्या. त्यातल्या एकीनं "मोठ्यानं बोल गं, ऐकू येत न्हाय," असं सांगितलं आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

पण चहा पिताना दोघी एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या. एकच गोष्ट दोघींना सुचली होती आणि ती आधी कोण बोलणार याची वाट बघणं चाललं होतं.

"म्हंजे," शेवटी अनुजा म्हणाली, "तात्या सुधारले ते तुझ्या आईच्या गोळीनं."

"व्हय."

"आता तू ती बंद करणार."

"आई माझी हाय, अनुजा."

"आणि म्हातारा माझा हाय. कालच त्येनी मला नावानं हाक मारली, ठाव हाय? मी हळदीच्या अंगानं ह्या घरात आले तवापासनं पहिल्यांदा चहाला नावं ठेवली, आलं कमी पडलं म्हणून." तिनं बशी खाली ठेवली. "निम्मं निम्मं करू. रविवारी दोन्ही डबे पुढ्यात घ्यायचे आणि वाटून घ्यायचे. एक दिवस तुमच्याकडं तुरट, एक दिवस आमच्याकडं. दीप्ती मॅडमला कळायचं काय कारण न्हाय. कळलं तर दोघांचंबी नाव जातंय, मग तुरटबी न्हाय आणि पीठबी न्हाय."

कारखान्यात दोन भट्ट्यांचा माल मिसळला तर निशिगंधा सगळा बाजूला काढायला लावायची. कुठला चांगला, कुठला वाईट हे मग कोणालाच सांगता येत नाही. तिला ते आठवलं. पण कारखान्यात तिची आई नव्हती. "चालतंय," ती म्हणाली. तरी रविवारी वाटणी करताना तिनं अनुजाच्या हाताकडं एकसारखं बघितलं, आणि अनुजानं तिच्या.

महिनाअखेरीस दीप्ती आली. तिनं तानाबाईंना खाटेवर बसवलं, समोर आपण बसली, आणि तीन शब्द सांगून ते लक्षात ठेवायला सांगितले: आरसा, बैल, पाऊस. मग वार विचारला. तानाबाईंना सांगता आला नाही. गाव विचारलं, तर त्यांनी माहेरचं सांगितलं. थोड्या वेळानं तीन शब्द विचारले, तेव्हा त्या निशिगंधाकडं बघून ओशाळं हसल्या.

"असू दे, आजी." दीप्ती निशिगंधाकडं वळली. "गोळ्या रोज घेतात? चुकल्या नाहीत?"

"न्हाय चुकल्या."

"दुसऱ्या कोणी घेतल्या नाहीत? अदलाबदल वगैरे?"

अनुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. निशिगंधानं तिच्याकडं न बघता सांगितलं, "न्हाय."

"दिल्या की," तानाबाई म्हणाल्या.

दीप्तीनं मान वर केली. "काय, आजी?"

"भावजींना दिली की मी. रोज. त्येंच्या घरी आहेत त्या नुसत्या पिठाच्या, असं अनुजा तिच्या आईला फोनवर बोलत होती. माणूस शेजारी पीठ खातंय आणि आपण औषध गिळायचं, हे काय बरं दिसतंय?"

परसातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मग अनुजा पुढं आली आणि झटक्यात म्हणाली, "त्यास्नी कुठं काय आठवतंय, मॅडम. परवा मला सोनूबाई म्हणत होत्या. काहीबाही बोलतात."

दीप्तीनं मान डोलावली. असं ती रोज ऐकत असावी. पण तिनं पेन टेकवलं नाही. "निशाताई, आजी म्हणतात तसं काही झालंय? की त्यांना नुसतं वाटतंय?"

निशिगंधाला दोन्हींतलं दुसरं उत्तर द्यायचं होतं. नुसतं वाटतंय. आईला काही आठवत नाही हे तर आत्ताच सगळ्यांच्या समोर सिद्ध झालं होतं, आरसा गेला होता, बैल गेला होता, पाऊस गेला होता. या एका वाक्यावर डबे चालू राहिले असते. दिवसाआड का होईना, तुरट गोळी आईच्या पोटात गेली असती.

तानाबाई तिच्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता. आपण बरोबर सांगितलं याची त्यांना खात्री होती आणि लेक तसंच म्हणेल याचीही.

"तिला नुसतं वाटत न्हाय," निशिगंधा म्हणाली. "बरोबर आठवतंय तिला. पहिल्यापासनं तशीच चालू होती अदलाबदल. आणि आम्हाला कळल्यावर आम्हीबी चालू ठेवली, अर्धी अर्धी करून."

अनुजानं डोळे मिटून घेतले.

दीप्तीला पेन खाली ठेवायला वेळ लागला. "मला हे कळवावं लागेल. गोळ्या बंद होतील, दोन्ही घरांच्या. आणि पीठ, औषध हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चाखलं."

"दोघींनी?"

"दोघींनी."

दीप्ती रागावेल असं निशिगंधाला वाटलं होतं. ती फक्त दमलेली दिसली. "चाखणारी माणसं असतात, हे गोळ्या बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं, ताई. नुसत्या गोळीला मुद्दाम तुरट चव देता येते. खऱ्या अर्काच्या कणांवर आवरण चढवलं की त्याला चवच लागत नाही. तुमची कुठली होती ते मला आजही माहीत नाही."

"मग तात्या सुधारले ते?"

"चार दिवस बरे जातात, चार वाईट. कशानं, ते एका माणसावरून नाही सांगता येत. म्हणून तर इतक्या जणांना देतोय."

ती हे खरं बोलतेय का, हे निशिगंधानं तिच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडलं नाही. खोटंही सापडलं नाही.

दोन्ही घरांतले डबे पिशवीत भरून झाल्यावर दीप्ती पुन्हा तानाबाईंसमोर बसली. "आजी, मला नीट सांगा. पहिल्यांदा दिली ती कधी?"

"गल्लीतल्या म्हशीनं लाथ मारून भावजींचा कुडाचा आडोसा मोडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी," तानाबाई म्हणाल्या. "चटणी जवसाची होती. आणि तेनी वाटीत लिंबू घातलं होतं, पिकलेलं."

दीप्तीनं निशिगंधाकडं बघितलं. निशिगंधानं होकाराची मान हलवली. आडोसा मोडला होता, दिवाळीच्या आधी. जवसाची चटणी तिनंच केली होती.

"मग?" दीप्तीनं विचारलं.

तानाबाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि त्या पुढचं सांगायला लागल्या. अनुजा चौकटीपासून हलली आणि त्यांच्या शेजारी खाटेवर येऊन बसली.